ओ-यू-जी-एचचा तास

अध्यक्ष महाराज, मुख्याध्यापक, माझे जुने सहकारी आणि मुलांनो,

'मुलांनो' म्हटल्यावर मागच्या रांगेतलं हसू ऐकू आलं बरं का! केस पांढरे झालेल्यांनाही मी मुलांनोच म्हणणार. संयोजकांनी 'बाई, दोन शब्द बोला' असं सांगितलं. तुमच्या बाईंचं दोन शब्दांत कधी भागत नाही, म्हणून मी चार अक्षरं घेऊन आले आहे: ओ, यू, जी, एच. फळा नाही, तेव्हा मनातल्या मनात लिहा.

या चौघांच्या आधी आर लावला की रफ, म्हणजे खडबडीत. सी लावला की कॉफ, खोकला. डी लावला की डो, भिजवून मळलेलं पीठ. बी लावला की बाउ, झाडाची फांदी. टी-एच लावलं की दो, म्हणजे जरी. त्यातच मध्ये आर घुसला की थ्रू, म्हणजे आरपार. आर काढून शेवटी टी लावला की थॉट, विचार. आणि एस-एल लावलं तर दोन शब्द हाती येतात. स्लाउ म्हटलं तर दलदल, स्लफ म्हटलं तर सापानं टाकलेली कात. स्लाउ नावाचं गावही आहे लंडनच्या पश्चिमेला. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी हीथ्रोच्या जवळपास ती पाटी पाहिली असेल.

हे सगळं तुम्ही घोकलंत. आठवड्याच्या चाचणीपुरतं पाठ झालं आणि सुट्टीत विसरलं. यामागे काही कारणच नाही, इंग्रजी भाषाच लहरी, अशी बहुतेकांची समजूत झाली. पण कारण आहे, आणि ते ऐकण्यासारखं आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत घशातून घासून काढायचा एक आवाज होता, आपल्या ख आणि ह यांच्या अधलामधला. नाइटमधला जी-एच तेव्हा मुका नव्हता, रात्रीला 'निख्त' असं काहीसं म्हणत. जर्मन ही इंग्रजीची चुलत बहीण, तिनं तो आवाज जपला आहे. तिच्यात रात्र म्हणजे नाख्ट, आठ म्हणजे आख्ट आणि मुलगी म्हणजे टोख्टर. इंग्रजी डॉटरमधला जी-एच तोच. आणखी मागे गेलात तर संस्कृतातली दुहिता भेटते. मुलीच्या नावातलं ते मुकं अक्षर आपल्याही घरापर्यंत येऊन पोचतं!

हा आवाज जुने लोक नुसत्या एचनं लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाती लेखणी गेली आणि पुढे जी-एच लिहिण्याची पद्धत रुळली. १४७६ मध्ये कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापलेला शब्द हळूहळू एका जागी स्थिर होऊ लागला, पण माणसांची तोंडं काही स्थिर राहिली नाहीत. पुढच्या दोनेकशे वर्षांत घशातला तो आवाज कुठे विरून गेला, तर कुठे ओठांवर येऊन फ झाला. त्याच काळात स्वरही बदलत होते, तेही प्रांतोप्रांती वेगवेगळे. लंडनच्या भाषेनं एक शब्द या प्रांताचा उचलला, दुसरा त्या प्रांताचा. उत्तरेकडे डोला डफ म्हणत, त्या नावाचं एक पुडिंग अजून आहे. थोडक्यात, बिऱ्हाड हललं तरी दारावरची पाटी तशीच राहिली. आयर्लंडमध्ये मात्र मूळचं बिऱ्हाड अजून नांदतं आहे. तिथे तळ्याला याच चार अक्षरांनी लॉख म्हणतात, चांगलं खरखरीत!

आपणही यातून गेलो आहोत. तुमच्या आजोबांची पत्रं काढा. 'नांव', 'पांच', 'घरांत' असे अनुस्वार दिसतील. ती नाकातल्या जुन्या उच्चारांची खूण होती. उच्चार गेले होते, टिंबं उरली होती. १९६२ च्या नियमांनी ती काढली आणि तुमची सुटका झाली. इंग्रजीत असं फर्मान काढणारं कोणी नाही. अमेरिकनांनी नांगराचं स्पेलिंग सुटसुटीत केलं, डोनटच्या दुकानांनी पाटीवरून तीन अक्षरं उडवली, एवढंच. आणि इंग्रजीला हसण्याआधी आपला 'जरा' आठवा. 'जरा सरक' मधला जरा वेगळा आणि म्हातारपणाची जरा वेगळी, अक्षरं तीच. तुमच्या वयात आता दोन्ही लागतात.

हा विषय मी का काढला ते सांगते. तुमच्यातलाच एकजण, नाव सांगणार नाही, डिप्लोमा करून एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेला होता. त्याला एक उतारा मोठ्यानं वाचायला दिला. त्यात टी-एच-ओ-आर आणि पुढे ही चार अक्षरं, असा शब्द होता. त्यानं 'थोरफ' वाचलं. टेबलापलीकडचे तिघं हसले. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "बाई, इंग्रजी माझ्या नशिबात नाही." यंत्रावर हात बसलेला, गणितात पहिला आलेला मुलगा, मान खाली घालून बसला होता. त्यानंतर कित्येक वर्षं तो चारचौघांत इंग्रजीचा एक शब्द मोठ्यानं वाचत नसे, स्वतःच्या मुलीसमोरसुद्धा नाही.

मला त्या तिघांना एवढंच सांगायचं होतं की रफ, टफ, इनफ या तिन्ही शब्दांत ही अक्षरं फ म्हणतात. पोरानं जे शिकलं होतं ते तर्कानं पुढे नेलं. कानावर न पडलेला शब्द डोळ्यांनी वाचणारा माणूस दुसरं काय करणार? ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांना हा तर्क लावावाच लागत नाही.

आणि तो शब्द तरी काय? थरो. थ्रू आणि थरो हे मुळात एकच, एका शब्दाची दोन रूपं. एक म्हणजे आरपार, दुसरा म्हणजे संपूर्ण, कसून. इंग्रजांना हे समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही. आपण नदी पार करतो आणि चढ चढून पार दमतो, 'पार' तोच! त्या संध्याकाळी त्याला मी हे सांगितलं, तेव्हा दोन पोहे खाऊन झाल्यावर तो पहिल्यांदा हसला. आज तो दुसऱ्या रांगेत मुलीशेजारी बसला आहे, आणि मघाशी बक्षिसांची इंग्रजी यादी त्यानंच वाचली. मी कान देऊन ऐकत होते.

एक शब्द राहिला, तो सांगून बसते. उचकीला इंग्रजीत हिकप म्हणतात. तिचं स्पेलिंग सरळ होतं. पण उचकी म्हणजे खोकल्याचीच कोणी नातलग असणार असं मानून लोकांनी तिच्या शेवटी कॉफ लिहायला सुरुवात केली. नातं काहीच नाही. तरी तेही स्पेलिंग कोशात आहे आणि वाचायचं मात्र हिकपच. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय, हे काही तिकडे कोणाला ठाऊक नाही. हा मेळावा ठरल्यापासून, गेले तीन महिने, मला फार उचक्या लागत होत्या.