यंत्राचं पाठांतर

श्रोतेहो, कविसंमेलनात दोन तऱ्हेचे कवी भेटतात. एकाला कविता पाठ असते. फर्माईश आली की ओळी ओठांवर हजर. दुसऱ्याला वही उघडून पान शोधावं लागतं. कविता दोघांकडेही आहे, पण थांबावं लागतं ते दुसऱ्यापाशी. संगणकावरच्या शोधाचंही असंच आहे.

आपण सर्च इंजिनला एखादा शब्द विचारतो, तेव्हा ते त्या क्षणी जगभरची पानं वाचत बसत नाही. ग्रंथाच्या शेवटी असते तशी शब्दसूची त्यानं आधीच करून ठेवलेली असते. प्रश्न एवढाच, की ती ठेवायची कुठे? फिरत्या हार्ड डिस्कवर हवी ती जागा गाठायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. मेमरीतून माहिती साधारण एक कोटीव्या भागात हाती येते. फरक एक लाख पटींचा! मेमरीला एक सेकंद लागतो असं धरलं, तर डिस्कला सत्तावीस तासांहून अधिक लागतील.

गूगल १९९८ साली सुरू झालं, तेव्हा सूची डिस्कवर असे. विचारणारे वाढले, तशा तिच्या प्रती अनेक संगणकांवर ठेवाव्या लागल्या. २००१ च्या सुमारास तिथल्या अभियंत्यांच्या ध्यानात आलं, की या सगळ्यांची मेमरी एकत्र धरली तर अख्खी सूची तीत मावते. मग प्रत्येक संगणकाला एकेक तुकडा जणू पाठ करायला दिला आणि प्रश्न सर्वांना एकदम विचारला. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं तर तयारच ठेवलेली असतात. सूची नवी झाली, की ती शिळी होतात आणि नव्यानं करावी लागतात.

पण वीज गेली की ही मेमरी कोरी! म्हणून डिस्कवर मूळ प्रत लागतेच. पाठांतर वेगासाठी, वही टिकण्यासाठी.

मला इथे जात्यावरच्या ओव्या आठवतात. आमच्या आयाबायांना त्या तोंडपाठ होत्या, वही मात्र नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून तेवढ्या वाचल्या. बाकीच्या कितीतरी गाणारणीबरोबरच गेल्या. जे कुठेच नोंदलं नाही, ते कितीही वेगवान यंत्राला सापडणार नाही. तेव्हा श्रोतेहो, घरात अजून कुणी गुणगुणत असेल, तर आजच वही काढा.