तिढा म्हणायचं की कोंडी?

लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून ऐकताय ना? मग आजचा शब्द तुमच्याच कामाचा आहे. 'स्टेलमेट'ला मराठीत काय म्हणायचं?

मला हा प्रश्न पडला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमुळे. डोंबिवलीतली जुनी इमारत, पावसाळ्यात जिन्यातलं प्लास्टर पडतं. पुनर्विकासाची बोलणी चार वर्षं अडलीयेत. गेल्या महिन्यात सेक्रेटरी काकांनी लिहिलं, "ही कोंडी आता फोडायलाच हवी." तळमजल्यावरच्या आजींचा लगेच व्हॉइस मेसेज: "फोडायला मी काय भिंत आहे का रे?" सही न केलेल्या दोघांपैकी त्या एक.

आजींनी शब्दावर बरोबर बोट ठेवलं. कोंडी आली 'कोंडणे'मधून. कोंडवाडा, कोंडमारा ही तिचीच भावंडं. म्हणजे कोणीतरी आत अडकलंय आणि कोणीतरी वाट अडवून बसलंय. शिळफाट्यावर किंवा घोडबंदर रोडला तासभर गाडीत बसलात की ती वाहतूक कोंडी, तिथे हा शब्द चपखल. पण माणसांच्या वादात कोंडी म्हटलं की आपोआप एक अडवणारा ठरतो, आणि मग फोडाफोडीची भाषा सुरू होते.

तिढा वेगळा. सुतळीला नको तेवढा पीळ दिला की ती स्वतःभोवतीच वळते, तो तिढा. वायरवाले इयरफोन खिशातून काढलेत कधी? दोन्ही टोकं जोरात ओढली की अजून आवळतं. म्हणून तिढा फोडत नाहीत, सोडवतात. पेपरात 'जागावाटपाचा तिढा' येतो तो यामुळेच. २०२४च्या लोकसभेला ठाण्याची जागा महायुतीत कोणी लढवायची हे ठरता ठरता १ मे उजाडला, आणि मतदान २० मेला! दोन्ही टोकांना मित्रपक्षच होते, त्यामुळे कोंडी म्हणणं कोणालाच परवडलं नसतं.

(गतिरोध असाही एक शब्द आहे. पण तो ऐकला की मला रस्त्यावरचा गतिरोधकच आठवतो. सोडून देऊ.)

मूळ स्टेलमेट बुद्धिबळातला. राजाला शह नाही, पण नियमात बसणारी एकही चाल उरलेली नाही. डाव तिथेच बरोबरीत सुटतो, दोघांना अर्धा-अर्धा गुण, उठा. आपल्याकडच्या २७ गावांचं बघा. १९८३ला कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा ती आत होती. २००२मध्ये बाहेर काढली. २०१५मध्ये पुन्हा आत. मार्च २०२०मध्ये त्यातली १८ बाहेर काढायचं सरकारने ठरवलं, आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. गावकऱ्यांना वेगळी नगरपालिका हवी; मालमत्ता कर आणि पाणी यांवरून राग आहे. इथे अर्धा गुण कोणालाच नाही, आणि डावही संपलेला नाही. याला 'तिढा'च म्हणावं लागतं, कारण प्रत्येक वेळी एकच टोक ओढलं गेलं.

पेच राहिलाच. पतंगांचा पेच, कुस्तीतला पेच. त्यात समोरच्याला कापायचं किंवा पाडायचंच असतं. आणि एकटा माणूससुद्धा पेचात पडू शकतो. तिढ्याला मात्र किमान दोन पदर लागतात.

तर, मी आजींकडे गेलो. चहा झाला. म्हणाल्या, "नव्या घराशी माझं वाकडं नाही. पण बांधकाम रखडलं, भाडं मध्येच बंद झालं, तर या वयात मी जाऊ कुठे?" चार वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. सही न केलेले दुसरे काका आहेत, त्यांना जास्तीची जागा हवीय. तो वेगळा पदर, वेगळ्या दिवशी सोडवू.

रविवारी मीटिंग आहे. अजेंड्यावर पहिला विषय: भाड्याची बँक गॅरंटी. आजी येणार आहेत. फक्त म्हणाल्या, मीटिंग गच्चीवर नको, गुडघे दुखतात, माझ्या दारासमोर खुर्च्या टाका.