संकटातील पहिला शेजारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात लष्कर मोहल्ल्यात दिलेले भाषण)



महाराष्ट्रावर आपत्ती कोसळली की परप्रांतीच्या मराठी माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु आज आपले घर लष्कर मोहल्ल्यात आहे. येथील आपत्तीत आपण कोण, पाहुणे की शेजारी? हा प्रश्न या मंगलप्रसंगी मी मुद्दाम विचारीत आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर ढासळल्या. बाहेरची पथके येण्यापूर्वी ढिगारे उपसू लागले ते वाचलेले गावकरीच. २०१४ साली पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. ती वार्ता प्रथम बाहेर पोहोचविली एस. टी.च्या एका चालकाने. तात्पर्य, पहिली मदत जवळच्या माणसाची. कोणाच्या माजघरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कोण कोणत्या खोलीत निजतो, हे परक्या पथकाला शेजाऱ्यावाचून कोण सांगणार?

म्हैसूरनेही निर्धास्त राहू नये. २०१२ साली येथील लॅन्सडाऊन इमारतीचा काही भाग कोसळला. २०१८ च्या पावसाळ्यात कोडगूत दरडी कोसळल्या आणि इकडे कपिलेचे पाणी नंजनगूडमध्ये शिरले.

मात्र नुसती तळमळ पुरत नाही. शिकवण नसलेला उत्साही मनुष्य डगमगत्या भिंतीखाली शिरतो आणि सोडवावयाच्या माणसांत स्वतःची भर घालतो. १९४६ साली दंगलींच्या काळात मुंबईत स्थापन झालेले होमगार्ड दल पुढे पूर आणि आगीतही उपयोगी पडले, ते शिस्तीच्या बळावर. २०१६ साली केंद्र सरकारने ‘आपदा मित्र’ योजना आरंभिली. तीत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण ठरविले गेले. प्रथमोपचार, जखमीस उचलण्याची रीत, पुरातील सुटका, बघ्यांची गर्दी हटविणे, ही कामे साधी दिसतात. परंतु ऐन घडीला ती हाताच्या सवयीनेच होतात.

म्हणून माझी विनंती अशी की, दर घरटी एकाने तरी जिल्हा प्रशासनाकडे चौकशी करून हे शिक्षण घ्यावे. भगिनींनी मागे राहू नये. मोहल्ल्याची खरी खबर त्यांनाच असते. आणि प्रत्येकास धोक्याची हाक कन्नडमध्ये देता यावी. घाबरलेल्या माणसाला स्वतःचीच भाषा उमगते.

महाराष्ट्राकडे जाणारी मदत अखंड राहो. परंतु ज्या मोहल्ल्याने आपल्याला आपले म्हटले, त्याच्या अडल्या वेळी धावणाऱ्यांत आपली मुले पुढे दिसोत, एवढीच या सुवर्णवर्षी इच्छा.