सरकीवरची लव कोणाच्या हिशेबात?
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत ४१२, ४६६ असे आकडे छापलेले असतात. पोरांना विचारा, ती दाखवतील. हे आकडे दाटपणा आणणाऱ्या पदार्थांचे. ताकाच्या आंबिलीत ज्वारीचे पीठ जे काम करते तेच काम हे पदार्थ करतात, पाणी धरून ठेवतात. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. ४६६ चे नाव लांबलचक आहे, कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज. त्याचा आपल्याशी काय संबंध ते सांगतो.

क्विंटलभर कापूस रेचला की साधारण ३४-३५ किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. त्या सरकीवर आखूड लव चिकटून राहते. व्यापारी तिला लिंटर म्हणतात. ही लव म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ती स्वच्छ करून कॉस्टिक सोडा आणि मोनोक्लोरोॲसिटिक आम्लाची प्रक्रिया केली की पाण्यात न विरघळणारा तंतू पाण्यात विरघळतो आणि पाणी दाट करतो. हाच ४६६. तो लाकडाच्या लगद्यापासूनही होतो, त्यामुळे प्रत्येक डब्यात आपलाच कापूस आहे असे मी म्हणणार नाही.

अमेरिकेतल्या गिरण्या १०० किलो सरकीमागे सुमारे ८ किलो लव काढतात. तो हिशेब लावला तर आपल्या क्विंटलभर कापसात ५ किलो लव. आपल्याकडच्या पुष्कळ तेलगिरण्या लव न काढताच सरकी गाळतात. मग लव पेंडीत जाते आणि पेंडीच्या वजनाने विकली जाते. म्हणजे ती वाया जात नाहीच. प्रश्न एवढाच, की कापसाचा भाव ठरताना हे ५ किलो कोणी, कशाच्या दराने धरले? मानवतच्या बाजारात व्यापारी रुईचा उतारा बघतो आणि सरकीचा भाव मनात धरतो. लवेचा आकडा त्याने मोठ्याने म्हटलेला कोणी ऐकला आहे?

बरे, सरकारी दप्तरात शोधू म्हटले. आयात-निर्यातीच्या तक्त्यात कापूस ५२०१ खाली, सरकी १२०७ खाली, लव १४०४ खाली आणि ते सेल्युलोज ३९१२ खाली, प्लास्टिकच्या प्रकरणात! ‘कापूस’ शब्द टाकून शोधा, ४६६ सापडणारच नाही. त्याच्या ओळीत कापूस हा शब्दच नाही.

तक्त्यांत शब्दावरून शोध कसा घ्यावा, यावर मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये चांगले संशोधन झाले आहे. प्रा. एस. सुदर्शन, प्रा. सौमेन चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बँक्स’ नावाची पद्धत २००२ मध्ये मांडली. नाव बँकेचे असले तरी कर्जाशी संबंध नाही, घाबरू नका! कल्पना सोपी आहे. तुमचे नाव आठ-अ वर, गट नंबर सातवर, पीक नमुना बारावर. माहिती तीन ठिकाणी, पण गट नंबर हा दोर त्यांना बांधतो. तलाठ्याला हे तोंडपाठ असते, यंत्राला नसते. बँक्स प्रत्येक ओळ ही गाठ मानते आणि ओळीओळींतला संबंध हा दोर. तुम्ही दोन शब्द द्यायचे. ते ज्या गाठींत आहेत त्यांना जोडणारे लहानात लहान जाळे ती काढून दाखवते. कोणता तक्ता कुठे आहे हे माहीत नसले तरी चालते. शेतकऱ्याला नेमके हेच हवे.

पण दोर असेल तरच गाठ जोडली जाईल. ३९१२ च्या ओळीत कच्चा माल सरकीची लव होती की लाकूड, असा रकानाच नाही. कितीही हुशार शोध लावा, नसलेल्या रकान्यातून उत्तर येत नाही. रकाना कोण ठेवतो यावर हिशेब कोणाला दिसतो ते ठरते.

गवारीचे पाहा. २०११-१२ मध्ये अमेरिकेत खडक फोडून तेल आणि वायू काढण्यासाठी गवारीचा डिंक लागला आणि राजस्थानात भाव काही पटींनी चढले. आपली गवार घट्टपणाच्या कामी इतकी मोलाची आहे हे पुष्कळांना तेव्हा कळले. सरकारने मार्च २०१२ मध्ये गवारीचा वायदेबाजार बंद केला आणि मे २०१३ मध्ये पुन्हा उघडला. भाव पडलेले असताना एवढी घाई कधी दिसली नाही.

म्हणून आज ठराव मांडतो. जिनिंग आणि तेलगिरण्यांनी महिन्याच्या नोंदीत रुई, सरकी, लव, तेल आणि पेंड असे पाच वेगळे रकाने भरावेत. बाजार समितीने ते भावाच्या फलकाशेजारी लावावेत. तोवर आपण आपल्या मापाच्या पट्ट्या जपून ठेवू. पट्टीच्या मागे त्या दिवशीचा सरकीचा भाव पेन्सिलीने लिहायचा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने किमान दहा पट्ट्या आणाव्यात.