आपल्या पट्टीचे हवामान आणि ट्रस्टची मदत
(महोत्सवी संमेलनातील भाषण)



अशा समारंभात आम्ही पाऊसपाण्यावर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण दापोऱ्यात दोन माणसे भेटली की पहिला विषय तोच निघतो.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याकडील डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी ही आपली काळ्या मातीची पट्टी. समुद्र दूर, म्हणून उन्हाळा कडक नि थंडी कोरडी. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर चढतो. पाऊस बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढे आम्ही वर्गात शिकवितो.

केळीचे गणित मात्र निराळे. लावणीपासून घड उतरेपर्यंत तिला वर्षभर, कधी त्याहून अधिक लागते. तिन्ही ऋतू तिच्या अंगावरून जातात. हिवाळ्यात चरका बसून वाढ खुंटते. वैशाखात उष्ण वाऱ्याने पाने फाटतात, करपतात. आणि घड भरत आले असता वळवाचे वादळ उठले, की अर्ध्या तासात बाग आडवी. केळीला लाकूड नाही. पानांच्या देठांचा तो पाणीदार खांब, ओझे घेऊन वाऱ्यापुढे कितीसा टिकणार?

हे वादळ आमच्या हजेरीपटातही दिसते. एका वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दहावीचा एक हुशार मुलगा पंधरा दिवस आलाच नाही. घरी गेलो, तर तो वडिलांबरोबर पडलेले खांब तोडून बांधावर टाकीत होता. "सर, पुढच्या वर्षी बसतो," म्हणाला. आम्ही अर्ज भरून घेतला. मदत मंजूर झाली ती दिवाळीच्या सुमारास. तो पुढच्या वर्षीही बसला नाही.

यात कोणाची कुचराई नव्हती. आपल्याकडे जकातीचा नि देणग्यांचा ओघ रमजानात येतो, आणि रमजान दरसाल सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. २०१८ साली तो ऐन मे-जूनमध्ये होता. २०२५ साली मार्चमध्ये. वादळ चंद्राकडे पाहत नाही. मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेलाच लागते, आणि वादळे त्याच्या आगेमागेच येतात. दोहोंची गाठ पुन्हा पडावयास सुमारे ३३ वर्षे लागतात. तोवर किती मुले शाळेबाहेर जातील?

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपण सर्वांनी पाहिला आहे. खानखानान अब्दुर्रहीम यांच्या काळी, १६१५ साली, सातपुड्याकडून जमिनीखाली झिरपणारे पाणी भुयारात अडवून शहरास दिले. पाऊस चार महिन्यांचा, पाणी बारमाही. (शाळेच्या सहलीस मुलांना तेथे जरूर न्यावे.)

तेव्हा विश्वस्तांस आमची विनंती एवढीच, की देणग्यांतून काही रक्कम 'वादळ फंड' म्हणून निराळी ठेवावी, तिचे अर्ज मे महिन्यातच शिक्षकांमार्फत घ्यावेत, आणि शाळा उघडण्यापूर्वी पैसे घरी पोचावेत. अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही शिक्षक करू.