दोन जुन्या वेगवान मोटारी

साधी मोटार आता गोव्यात चैनीची वस्तू राहिलेली नाही. वेगवान मोटार मात्र अजूनही हौसेचीच वस्तू आहे. ही हौस बेताच्या पुंजीत भागवावयाची असेल, तर माणसाला नव्या मोटारींच्या दालनाकडे पाठ फिरवून जुन्या मोटारींच्या आवारात शिरावे लागते. पेडणे आणि डिचोली या उत्तरेकडील तालुक्यांत अशी हौस बाळगणारे तरुण पुष्कळ आहेत. मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतुकीस खुला झाला, राष्ट्रीय महामार्गापासून तेथवर रुंद जोडरस्ता झाला, आणि तो रस्ता पाहून कोणाही तरुणाचा उजवा पाय शिवशिवू लागावा, यात नवल नाही.

असा एक तरुण डोळ्यांपुढे आणावा. घर डिचोलीजवळ, नोकरी मोप्याला, पाळी बहुधा पहाटेची. वडिलांचा खनिज वाहून नेणारा ट्रक होता. खाणी २०१२ साली थांबल्या, काही काळाने पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. दारात उभ्या राहिलेल्या वाहनाचेही हप्ते भरावे लागतात, हे त्या घराला कोणी पुस्तकातून शिकवावयास नको. म्हणून या तरुणाने कर्जाचा विचार सोडून दिला आहे. साठविलेले पाच लाख रुपये हीच त्याची मर्यादा. त्याच्यापुढे दोन मोटारी आहेत: एक फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आणि दुसरी फियाटची अबार्थ पुंटो.

नावे परदेशी असली, तरी दोन्ही मोटारी घडल्या पुणे जिल्ह्यात. पहिली चाकणला, दुसरी रांजणगावला. पोलोची ही आवृत्ती २०१३ साली सुमारे आठ लाखांना बाजारात आली. तिचे इंजिन अवघे १.२ लिटरचे, परंतु टर्बोच्या साहाय्याने ते १०५ अश्वशक्ती देते. अबार्थ पुंटो आली २०१५ साली, दहा लाखांच्या किंचित खाली. तिचे १.४ लिटरचे इंजिन १४५ अश्वशक्तीचे, आणि तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक. तिच्या नाकावरील विंचू पाहून पुष्कळांना कुतूहल वाटते. कार्लो अबार्थ या संस्थापकाची रास वृश्चिक होती, म्हणून त्याने हे चिन्ह घेतले. आपल्याकडे रास पाहून मोटारीचा रंग ठरविणारे आहेत, तेव्हा या इटलीवासीयाला हसण्याचे कारण नाही.

कागदावरील आकडे वाचले, की तरुणाचे मन अबार्थकडे धावते. कंपन्यांच्या दाव्यांनुसार ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठावयास अबार्थला ८.८ सेकंद लागतात, पोलोला ९.७. म्हणजे फरक एका सेकंदाहूनही कमी. हा सेकंद वाचवावयास त्या तरुणाच्या वाटेवर जागा किती आहे, हे आधी पाहिले पाहिजे. डिचोलीहून अस्नोडा, थिवी, कोलवाळ करीत महामार्गाला लागावे आणि धारगळला मोप्याकडे वळावे. महामार्ग लागेपर्यंतच्या वाटेवर गाव संपते न संपते तो दुसरे सुरू होते, आणि वळणापलीकडे गाय बसली आहे की शाळेची मुले चालली आहेत, हे वळणावर गेल्याशिवाय कळत नाही. गतिरोधकांची तर गणतीच नको. अबार्थचे पोट जमिनीपासून केवळ १५५ मिलिमीटर उंच. घरची चार माणसे बसली, की ते आणखी खाली येते. अशा मोटारीतून आईवडिलांना नेताना प्रत्येक गतिरोधकावर तिरके होऊन चढावे लागते, आणि मागून येणारा भोंगा वाजवितो.

पावसाळ्याचे चार महिने वेगळेच. खाणींच्या पट्ट्यातील तांबडी माती रस्त्यावर वाहून आली, की डांबरावर साबण पसरल्यासारखे होते. दोन्ही मोटारींची पुढची चाके ओढणारी. अशा जागी १४५ अश्वशक्ती मुठीत ठेवावयास हात सरावलेला हवा. पोलोत मोटार घसरू लागताच चाकांना आपोआप आवर घालणारी यंत्रणा आहे, आणि पहाटे अर्धवट झोपेत निघणाऱ्या माणसासाठी ती चाळीस अश्वशक्तींहून मोलाची आहे.

एवढ्यावरून पोलो घ्यावी, असे मात्र लगेच ठरवू नये. तिचे दुखणे निराळे आहे आणि ते दिसत नाही. तिचा सात गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स दोन क्लचांवर चालतो. विषम गती एका क्लचकडे, सम दुसऱ्याकडे. म्हणून गिअर इतक्या अलगद बदलतो की बसणाऱ्याला पत्ता लागत नाही. परंतु हे क्लच तेलात बुडालेले नसून कोरडे असतात. म्हापशाच्या बाजारात इंचाइंचाने सरकणाऱ्या रांगेत ते अर्धे सुटलेले, अर्धे धरलेले राहतात आणि तापतात. क्लच झिजले किंवा त्यांना हुकूम देणारा विद्युत-द्रवचालित भाग बिघडला, तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. २०२० पासून पोलोत एक लिटरचे इंजिन आणि वेगळ्या धाटणीचा स्वयंचलित गिअरबॉक्स आला, आणि २०२२ मध्ये भारतातील तिचे उत्पादनच संपले. ती नंतरची पोलो पाच लाखांच्या या पुंजीत बसणे कठीण.

अबार्थचा गिअरबॉक्स मात्र हाताने बदलावयाचा, साधा आणि सोशिक. क्लच गेला तर साधारण गॅरेजमधला मेकॅनिकही तो बदलू शकतो. तिची अडचण सुट्या भागांची. फियाटने आपल्या मोटारींची विक्री भारतात केव्हाच बंद केली आहे. दारे, काचा, दिवे हे बरेचसे साध्या पुंटोशी जुळतात. परंतु टर्बो किंवा खास तिच्यासाठी केलेले सस्पेन्शन हवे असेल, तर ओळखीपाळखीतून शोध सुरू होतो. भाग मिळतो, पण दोन दिवसांत मिळेल असा भरवसा नाही. ज्याच्या घरी दुसरे वाहन आहे, त्याने हा विलंब हौसेचे मोल म्हणून सोसावा. पहाटे चार वाजता, बस नसताना, ज्याला मोप्याला पोचावयाचे आहे, त्याने महिनाभर काय करावे?

म्हणून या तरुणाने पोलोच घ्यावी. मात्र तिच्या किमतीत गिअरबॉक्सचा खर्च आधीच धरावा. पाच लाखांपैकी चार लाखांच्या आतच सौदा करावा आणि उरलेल्या लाखाला वर्षभर हात लावू नये. विकणारा साडेचारवर अडून बसला, तर नमस्कार करून निघावे. घरी दुचाकी असती आणि रस्ता कोरडा असता, तर अबार्थच्या बाजूने पुष्कळ बोलता आले असते. चालविण्याचा निखळ आनंद तिच्यात अधिक आहे, हे तिच्या विरोधकांनीही मान्य करावे.

नाव ठरले, तरी त्या नावाची कोणती मोटार घ्यावी, हा प्रश्न उरतोच. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे उघड्यावर उभी राहिलेली मोटार वरून चकचकीत असली, तरी खारट वारा तिला खालून खातो. तिला गॅरेजच्या पिटावर नेऊन सायलेन्सर आणि दारांखालचा पत्रा पाहावा. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी आणि डिचोलीच्या सखल भागांत पाणी शिरले होते. पाण्यात बसलेली मोटार ओळखावयाची, तर सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा; गाळाची रेघ तेथे धुवावयाचे बहुतेक जण विसरतात. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर रूढ झाले. या दोन्ही मोटारी त्याआधीच्या, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या तडकल्या आहेत का, तेही तपासावे. ‘इंजिन थोडे वाढवून घेतले आहे’ असे कोणी अभिमानाने सांगू लागला, तर त्याचे ऐकून घ्यावे आणि दुसरी मोटार पाहावी.

कागदपत्रांत आळस करू नये. डिचोलीची नोंद जीए ०४ या अक्षरांनी ओळखू येते, परंतु पाटीवरून मालकी सिद्ध होत नाही. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर मालक कितवा, विमा कधीपर्यंत आणि बँकेचा बोजा आहे का, हे दिसते. राज्यातल्या राज्यात मोटार विकली, तर मालकी बदलल्याची सूचना चौदा दिवसांत द्यावी लागते. पत्रादेवीपलीकडून स्वस्तात आणलेली मोटार बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची, तर गोव्याचा नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि करही भरावा लागतो. हा कर जमेस धरला, की पुष्कळदा स्वस्ताई संपते.

शेवटची परीक्षा पहाटेची. विसार देण्यापूर्वी न कळविता नव्हे, पण लवकर जावे, आणि बॉनेटवर हात ठेवून पाहावे. लोखंड थंड असेल, तर इंजिन आपल्यासमोर सुरू करावयास सांगावे. धूर, खडखड, आणि गिअर टाकताच बसणारा धक्का हे पहिल्या दोन मिनिटांत दिसते. सोबत ट्रक चालविलेल्या वडिलांना न्यावे. त्यांना टर्बोचे गणित ठाऊक नसेल, पण कोणता आवाज पैसे खाणार, हे ते सांगू शकतील. बॉनेट आधीच गरम लागले, तर चहा घेऊन परत फिरावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.