भोंग्याला वेळ आहे, माणसाला नाही

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



भावाविषयी आणि कर्जाविषयी बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. मी एका किरकोळ वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे. निवडणूक आली की गावात झेंडे लावलेल्या गाड्या फिरतात आणि आपल्याला सभेचे आमंत्रण मिळते. त्यावर वेळ छापलेली असते. त्या छापलेल्या वेळेला उमेदवार स्टेजवर उभा आहे, असे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? हात वर करा. (हशा) एकही हात वर नाही. तेव्हा विषय किरकोळ नाही. इथे बसलेल्या प्रत्येकाचे त्यात काही ना काही गेलेले आहे.

आधी माझीच गोष्ट सांगतो. लोकसभेची निवडणूक होती, एप्रिल महिना. तालुक्याच्या गावी सकाळी अकराची सभा. आमच्या गावातून साडेनऊला दोन टेम्पो निघाले. कोणत्या पक्षाचे ते सांगत नाही, कारण ही गोष्ट सगळ्यांची सारखीच आहे. मांडव होता, पण तो स्टेजवर आणि पुढच्या सोफ्यांवर. आपल्या डोक्यावर दुपट्टा आणि पदर. अकरा वाजता गाणी सुरू झाली. साडेअकराला माइकवरून एक कार्यकर्ता म्हणाला, "साहेब निघालेले आहेत, पाच मिनिटांत पोचतील." साडेबारालाही पाच मिनिटे. दोन वाजताही पाच मिनिटेच. माझ्या शेजारी एक म्हातारी माय बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, माह्या गाईले पानी कोन पाजन?" मी काय सांगणार? साहेब साडेतीनला आले. "उशिराबद्दल माफ करा, पण एवढ्या उन्हात तुम्ही थांबलात, हे तुमचे प्रेम आहे," म्हणाले आणि बारा मिनिटे बोलून पुढच्या सभेला गेले. साडेचार तासांची वाट, बारा मिनिटांचे भाषण.

थांबले कोण आणि गेले कोण?

त्या साडेचार तासांत मला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून कोण उठून जाते ते बघत बसलो. सर्वांत आधी ज्यांच्या मोटारसायकली होत्या ते गेले. मग आजूबाजूच्या गावचे, पायी जाऊ शकणारे गेले. मग ज्यांना एस.टी.चे तिकीट परवडत होते ते गेले. राहिलो कोण? टेम्पोने आलेले. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलेले होते की साहेबांचे भाषण संपल्याशिवाय गाडी हलवायची नाही. म्हणजे साहेबांना जे प्रेम दिसले, ते प्रेम नव्हते. आमच्याजवळ परत जायला गाडी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या. सभेतून उठून जाणे हेही एक मत आहे. पेटीतल्या मताच्या आधीचे. पण ते मत ज्याच्याजवळ चाक आहे त्यालाच देता येते. आणि राहिलेल्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, 'उन्हातही अलोट गर्दी' म्हणून.

वाट बघण्याचा हिशेब

आपण शेतकरी आहोत, हिशेब करून बघू. आकडा समजायला सोपा घेतो. सभेला दहा हजार माणसे, उशीर तीन तास. झाले तीस हजार तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर तीन हजार सातशे पन्नास दिवसांची मजुरी. दिवसाला तीनशे रुपये धरले तर सव्वाअकरा लाख रुपये. हे एका सभेचे झाले. तुमच्याकडचा मजुरीचा दर घाला आणि घरी जाऊन पुन्हा मांडा.

आता दुसरी बाजू बघा. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. २०२२ साली ती लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख ठरवली गेली. सभेतली खुर्ची, मांडव, भोंगा, पाण्याची बाटली, सगळ्याचा दर ठरवून नोंद होते. खुर्चीचे भाडे खर्चात धरतात. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा दिवस धरत नाहीत. शेतात राबणाऱ्या घरच्या माणसांची मजुरी फुकट धरायची आपल्याला जुनी सवय आहे. तीच सवय सभेच्या मैदानावर आपल्यासोबत येते.

आणि हा दिवस कुठला असतो? २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. नोव्हेंबरात पऱ्हाटी फुटलेली असते. फुटलेला कापूस कोणाची वाट बघत नाही. वारा सुटला तर खाली पडतो, पाऊस आला तर भिजतो. वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून आपण गावभर फिरतो आणि त्याच बाया सभेच्या मैदानात 'पाच मिनिटे' मोजत असतात.

पुढारी उशिरा का येतात?

न्यायाने बोलायचे तर सगळाच उशीर माजोरीपणाचा नसतो. एका दिवसात सात-आठ सभा लावलेल्या असतात. पहिलीला अर्धा तास उशीर झाला, दुसरीत तेवढाच भर पडला, की शेवटच्या गावाला चार तास. पाटाच्या पाण्यासारखे आहे. टोकाच्या वावराला सर्वांत कमी मिळते आणि सर्वांत उशिरा मिळते. हेलिकॉप्टरला गावाकडच्या तात्पुरत्या हेलिपॅडवरून अंधार पडल्यावर उडता येत नाही, म्हणून संध्याकाळच्या सभा रस्त्याने कराव्या लागतात. शिवाय १९९६ साली कायदा बदलला. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या तारखेपासून मतदानापर्यंत पूर्वी किमान वीस दिवस मिळत, ते चौदा झाले. गावे तेवढीच, दिवस कमी.

पण दुसरेही कारण आहे आणि ते आपल्याकडे आहे. साहेब उशिरा येणार हे माहीत असते, म्हणून आपण उशिरा जातो. मैदान भरलेले नाही, म्हणून साहेब विश्रामगृहावर थांबतात. आयोजक मग एकच्या सभेची वेळ अकरा छापतो. जो बिचारा छापलेल्या वेळेवर विश्वास ठेवून येतो, तो उन्हात तळतो. वेळ पाळणाऱ्याला शिक्षा आणि न पाळणाऱ्याला सावली, असा हा कारभार आहे.

उशीर जिवावर बेततो

कोणी म्हणेल, थोडी वाट बघितली तर काय बिघडते? तमिळनाडूत करूर नावाचे गाव आहे. तिथे २७ सप्टेंबर २०२५ ला अभिनेते विजय यांच्या पक्षाची सभा होती. पोलिसांचे म्हणणे असे की पक्षाने दुपारी बाराची वेळ जाहीर केली, लोक सकाळपासून जमू लागले आणि विजय पोचले संध्याकाळी सात वाजून गेल्यावर. चेंगराचेंगरीत ४१ माणसे गेली, त्यात बाया होत्या, लेकरे होती. पक्षाने पोलिसांच्या बंदोबस्तावर बोट ठेवले आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तपास सी.बी.आय.कडे दिला. दोष कोणाचा हे ठरवणे माझे काम नाही. पण दिवसभर अन्नपाण्यावाचून ताटकळलेली गर्दी आणि ताजी जमलेली गर्दी सारखी नसते, हे बैलबाजारात गुरे बांधणाऱ्या माणसाला शिकवावे लागत नाही.

आपल्या राज्यात १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर सरकारी पुरस्काराचा सोहळा झाला. ती प्रचारसभा नव्हती, पण ऊन तेच होते. त्यात चौदा माणसे दगावली. २४ एप्रिल २०२४ ला यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या प्रचारसभेत भाषण करता करता नितीन गडकरींना भोवळ आली. स्टेजवरच्या केंद्रीय मंत्र्याला जे ऊन सोसत नाही, ते खाली बसलेल्या म्हातारीला कसे सोसेल?

घड्याळ कोणाला आहे?

निवडणुकीच्या कायद्यात घड्याळे भरपूर आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. ३० सप्टेंबर २०२२ ला राजस्थानात आबू रोडला पंतप्रधान मोदी दहा वाजून गेल्यावर पोचले. त्यांनी माइक वापरला नाही, उशिराबद्दल क्षमा मागितली, लोकांना वाकून नमस्कार केला. मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर सभा बंद. सभेची जागा आणि वेळ पोलिसांना आधी कळवायची, हे आचारसंहितेत आहे.

आणि एक घड्याळ तर फार बोलके आहे. उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंतच घेतात. तीननंतर दार बंद. तिथे आपला उमेदवार किती वाजता पोचतो? मुहूर्त बघून, मिरवणूक काढून, रस्ता अडवून का होईना, पण तीनच्या आत पोचतो! (हशा) तेव्हा पुढाऱ्यांना वेळ पाळता येत नाही हे खरे नाही. जिथे उशिराची किंमत त्यांना मोजावी लागते, तिथे ते वेळेवर येतात. जिथे ती आपण मोजतो, तिथे उशीर होतो. भोंगा किती वाजता बंद व्हावा हे कायदा सांगतो. भाषण करणाऱ्याने किती वाजता तोंड उघडावे हे सांगत नाही. भोंग्याला वेळ आहे, माणसाला नाही.

मग मत देऊ नये का?

कोणी रागाने म्हणेल, जो उशिरा येईल त्याला मत द्यायचे नाही. मी तसे म्हणणार नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी येथे २५ ऑक्टोबर २०२४ ला डोनाल्ड ट्रम्प यांची सभा होती. ते टेक्सासमध्ये एका मुलाखतीत गुंतले आणि सुमारे तीन तास उशिरा पोचले. थंडीत उभे राहिलेले पुष्कळ लोक घरी निघून गेले. टीव्हीवर रिकामे मैदान दिसले. पण पुढच्या महिन्यात मिशिगन त्यांनीच जिंकले. म्हणजे उशिराने मत जातेच असे नाही, आणि जावे असेही नाही. वेळेवर येणारा माणूस वाईट धोरण घेऊन येऊ शकतो. मत धोरण बघून द्या. पण तिथल्या लोकांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. थंडी वाजली, ते उठले, आपल्या गाडीत बसले आणि गेले. कोणाची परवानगी मागितली नाही. मत द्यायचे की नाही हा वेगळा हिशेब, आणि आपला दिवस किती द्यायचा हा वेगळा.

एक तासाचा नेम

म्हणून या बैठकीपुढे मी एक नेम ठेवतो. गावोगाव त्यावर बोला.

पहिले, ज्या सभेला जायचे तिच्या आयोजकाला आदल्या दिवशी सांगायचे: आम्ही छापलेल्या वेळेला येऊ, एक तास थांबू, मग उठू.

दुसरे, गाडी त्यांची असली तर परतीची वेळ आधी ठरवून घ्यायची, ड्रायव्हरच्या समोर. ते कबूल नसेल तर त्या गाडीत पाय ठेवायचा नाही. साऱ्या गोष्टीची गाठ इथेच आहे.

तिसरे, उन्हाळ्यातल्या दुपारच्या सभेला लेकरे आणि म्हातारी माणसे न्यायची नाहीत. पाणी आपले आपण न्यायचे.

चौथे, तास झाला की शांतपणे उठायचे. आरडाओरड नाही, खुर्च्यांची फेकाफेक नाही. सभा उधळणे हा गुन्हा आहे आणि आपल्याला तो करायचाही नाही. आपले दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून आयोजकाच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, साहेबांना वेळ होईल तेव्हा उत्तर गावात पाठवा.

एक माणूस उठला तर त्याला बसवतात. एक गाव उठले तर पुढच्या सभेची वेळ खरी छापली जाते.

शेवटी एक आपल्याविषयी. आपल्या वर्ध्याच्या सेवाग्रामला राहिलेला म्हातारा कमरेला घड्याळ लावून फिरायचा. ३० जानेवारी १९४८ ला सरदार पटेलांशी बोलणे लांबले आणि गांधीजींना पाचच्या प्रार्थनेला दहा-पंधरा मिनिटे उशीर झाला. शेवटची वाट चालतानाही सोबतच्या मुलींजवळ त्यांनी त्या उशिराबद्दल नाराजी बोलून दाखवली. जमलेल्या साध्यासुध्या माणसांचे काही मिनिटे आपण घेतले, याची त्यांना लाज वाटली.

आणि आपण? आजची बैठक अकराची होती. सुरू झाली पावणेबाराला. वेळेवर आलेली पंधरा-वीस माणसे मी स्वतः बघितली. त्यात बाया जास्त होत्या, स्वयंपाक उरकून आलेल्या. उशिरा आलेल्यांत मीही होतो. त्या पंधरा-वीस जणांची मी माफी मागतो. त्यांना बारा मिनिटांचे प्रेम नको आहे. पुढची बैठक छापलेल्या वेळेला सुरू होईल. समोर चार माणसे असली तरी सुरू होईल आणि मी त्या चारांत असेन. आधी आपले घड्याळ बरोबर लावू, मग साहेबांना त्यांचे दाखवू.